अकरावी सायन्स की डिप्लोमा?

ऐरोलीतल्या एका वहिनींची लेक दहावी झाली. इंजिनिअर व्हायचंय, पण वाट कुठली? वर्षं दोन्हीकडे सहाच: अकरावी-बारावीची दोन अधिक डिग्रीची चार, नाहीतर डिप्लोमाची तीन अधिक डिग्रीची तीन.

गुणांचं गणित मात्र वेगळं. बारावीला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात, खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४० पुरतात. खरी जागा ठरते सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर: शंभरातली किती मुलं आपल्या मागे, त्यावर. तिथे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे! डिप्लोमाला दहावीच्या गुणांवर प्रवेश, पुढे डिप्लोमाच्या टक्क्यांवर थेट डिग्रीचं दुसरं वर्ष. सीईटी नाही, पण दर सेमिस्टरला परीक्षा, सबमिशन, ड्रॉइंग शीट. आणि गणित तिथेही सुटत नाही. सायन्सवाल्यांना क्लासची फी जड जाते.

गणितात गती असेल, आयआयटी-एनआयटीसाठीची जेईईही द्यायची असेल तर बारावी. एकाच परीक्षेची धास्ती वाटते, वर्कशॉपमध्ये मन रमतं, तर डिप्लोमा.