अकाई एस1000: प्रोग्रॅमच्या नंबरांशी काही महिने झटापट केल्यावर

एस1000 हा अकाईचा सॅम्पलर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून ते पट्ट्यांवर वाजवणारं मशीन. तो कसा वाजतो यावर 1988 पासून भरपूर लिहून झालंय. बेस आणि ड्रमला अजून तोड नाही, एवढं म्हणून पुढे जातो. प्रश्न आवाजाचा नाहीच, प्रोग्रॅम (सॅम्पलं, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, आणि ती कशी वाजायची याची सेटिंग) सांभाळण्याचा आहे. आणि त्यातही एकाच गोष्टीचा: प्रोग्रॅम नंबर.

मेमरीत पियानो आहे. वर डिस्कवरून ड्रमची बँक, म्हणजे प्रोग्रॅम आणि सॅम्पलांचा गठ्ठा, लोड केली. आता पियानोची पट्टी दाबली की सोबत स्नेअर वाजतो. मशीन गेलं असंच वाटतं, पण गेलेलं काही नसतं. इथे प्रत्येक प्रोग्रॅमला 1 ते 128 मधला एक नंबर असतो, आणि निवडलेल्या नंबराचे जेवढे प्रोग्रॅम मेमरीत असतील तेवढे सगळे एकदम सुरू होतात. नंबर प्रोग्रॅमबरोबरच डिस्कवर सेव्ह होतो. जुन्या फ्लॉप्यांवर तो बदलायची तसदी कोणी घेतलेली नसते. उघडाल ती फ्लॉपी, नंबर 1. नवीन प्रोग्रॅम करायला जुन्याची कॉपी काढावी लागते, आणि कॉपीलाही मूळचाच नंबर. म्हणजे एडिट करताना कानावर पडतात दोन्ही, आणि फिल्टर किती बदलला ते धड कळत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त सवय लागायला हवी. लोड झालं की सर्वात आधी प्रोग्रॅम निवडायच्या पानावर जाऊन रीनंबर करा आणि लगेच सेव्ह करा. मेमरी बॅटरीवर टिकत नाही. वीज गेली की नंबरही गेले.

ही चक्क खोड आहे असं माझं मत होतं. ते आता बदललंय, कारण याच खोडीवर अख्खं मल्टीटिंबरल काम, म्हणजे एकाच मशीनवर एकदम अनेक वाद्यं वाजवणं, चालतं. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा मिडी चॅनल (कोणत्या वाहिनीवरचे सूर ऐकायचे), स्वतःची पट्ट्यांची रेंज, पॉलिफोनी (एकदम किती सूर वाजतील) आणि प्रायॉरिटी (जागा कमी पडली तर कोणाला राखायचं) असते. ड्रम, बेस आणि पियानो तिघांना नंबर 5 द्या, चॅनल 10, 2 आणि 1 द्या: झाला गाण्याचा सेटअप. चॅनल एकच ठेवला तर लेअर, एकावर एक आवाज. रेंज वेगळ्या केल्या तर स्प्लिट, पट्ट्यांच्या प्रत्येक भागावर वेगळा आवाज. वेगळा मल्टी मोड नाही, त्याची वेगळी फाइल नाही, काही नाही. पुढचं गाणं नंबर 6 वर, सीक्वेन्सरकडून (सूर नोंदवून वाजवणाऱ्या यंत्राकडून) एक प्रोग्रॅम चेंज, म्हणजे नंबर बदलायचा मिडी संदेश, पाठवला की सगळा संच बदलतो.

हाय-हॅटसाठी (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) हीच युक्ती फार कामाची. उघडी आणि बंद हॅट ड्रमच्या प्रोग्रॅममधून काढून वेगळ्या प्रोग्रॅममध्ये टाका. नंबर तोच, चॅनल तोच, पॉलिफोनी मात्र 1. बंद हॅट वाजली की उघडी आपोआप तुटते.

पण व्हॉइस, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारी सॅम्पलं, मोजून खर्च करा. एकूण 16. स्टीरिओ सॅम्पल म्हणजे शेवटी -एल आणि -आर अशी दोन मोनो सॅम्पलं, दोन झोनमध्ये (प्रोग्रॅममध्ये सॅम्पल बसवायच्या जागांमध्ये) डावी-उजवीकडे पॅन केलेली. एका सुराला दोन व्हॉइस. दोन स्टीरिओ प्रोग्रॅम लेअर केले तर एका सुराला चार, म्हणजे चार सुरांचा कॉर्ड धरला की मशीन भरलं. त्यावर बेस आला की कोणाचा तरी गळा दाबला जाणार. बेसची प्रायॉरिटी हाय ठेवा आणि पॅडची (मागे लांबवर धरलेल्या सुरांची) लो, म्हणजे कापला जाईल तो पॅड. आणि खरं सांगायचं तर बेस, किक, स्नेअर स्टीरिओत घेण्याचं काही कारणच नाही.

नंबरांशी समेट झाला, नावांशी नाही. झोनमध्ये सॅम्पलची ओळख म्हणजे फक्त त्याचं नाव: 12 अक्षरं, सगळी कॅपिटल. त्याच नावाचं दुसरं सॅम्पल लोड केलंत तर आधीचं न विचारता पुसलं जातं, आणि जुना प्रोग्रॅम नवीन आवाज मुकाट्याने वाजवायला लागतो. दोन बँकांत ‘किक 1’ असणारच! म्हणून नावाच्या सुरुवातीला बँकेची दोन अक्षरं घाला. स्टीरिओत -एल आणि -आर दोन जागा खातात, त्यामुळे हातात उरतात आठ. ओढूनताणून पुरतात.

दुसरा सापळा कीग्रुप एडिटमध्ये. कीग्रुप म्हणजे प्रोग्रॅममधला पट्ट्यांचा एक गट, त्याच्या झोनसह. तिथे ‘वन’ आणि ‘ऑल’ असा पर्याय आहे. फिल्टर सगळीकडे सारखा करायला ‘ऑल’ उत्तम, पण तो तसाच राहिला आणि एका बेसूर कीग्रुपची ट्यूनिंग सुधारायला गेलात, तर सगळ्यांचीच ट्यूनिंग हलते. अनडू नाही. डिस्कवरून पुन्हा लोड करणं हाच अनडू, त्यामुळे एडिटला हात लावण्याआधी सेव्ह.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. एचडी फ्लॉपीवर 1.6 एमबी, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला जेमतेम 9 सेकंद स्टीरिओ. जुना ड्राइव्ह दमला असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. गोटेक एम्युलेटर (यूएसबी स्टिकवरच्या फ्लॉपीच्या इमेज फाइल वाचणारा, ड्राइव्हच्या जागी बसणारा डबा) बसवा, त्यावर फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाका आणि सेटिंगच्या फाइलमध्ये होस्ट म्हणून अकाई लिहा. वेग मात्र फ्लॉपीचाच राहतो, एका इमेजला अर्ध्या मिनिटाहून जास्त. 8 एमबी भरायला सहा इमेज लागतात. हे टाळायला स्कझी बोर्ड (हार्ड डिस्क जोडायचं कार्ड) घ्यावा का? मी घेतला नाही. त्याऐवजी झांजा आणि हॅट सोडून बाकी सगळं 10 किलोहर्ट्झ बँडविड्थवर मोनोत घेतो. पूर्ण बँडविड्थच्या मोनोपेक्षा जागा निम्म्याने वाचते, लोड निम्म्या वेळात होतं, आणि किकमध्ये 10 किलोहर्ट्झच्या वर शोधायचं तरी काय?