प्रॉक्समॉक्सवर एनएफएस आणि आयस्कझी एकत्र, दोन वर्षं वापरून

आमच्याकडे प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी सिस्टीम) तीन नोड म्हणजे सर्व्हर आहेत आणि त्यांच्या एकाच क्लस्टरला, म्हणजे गटाला, नेटवर्कवरचं दोन प्रकारचं स्टोरेज जोडलंय: फाइली ठेवायचं एनएफएस पण, कोऱ्या डिस्कसारखी जागा देणारं आयस्कझी पण. व्हिएन्नाच्या कंपनीची २००८ पासूनची ही सिस्टीम, डेबियन लिनक्सवर चालते, लायसन्सचे पैसे न भरता वापरता येते. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे एकाच व्हीएमची एक डिस्क इकडे, दुसरी तिकडे ठेवता येते.

अकाउंट्सच्या व्हीएमची ओएस डिस्क एनएफएसवर क्यूकाऊ-टू (व्हर्च्युअल डिस्कचा एक फॉरमॅट) फाइल आहे आणि डेटाबेसची डिस्क आयस्कझीवर एलव्हीएम (लिनक्समध्ये डिस्कचे भाग पाडायची पद्धत) करून. आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या फाइली), बॅकअप सगळं एनएफएसवरच, कारण आयस्कझी नुसते ब्लॉक देतं, तिथे फाइल ठेवायची सोय नाही. डिस्क हलवायला व्हीएम बंद करावं लागत नाही, मी ८० जीबीची डिस्क भर दुपारी लोक एंट्र्या मारत असताना हलवली, कोणाला पत्ताही लागला नाही. फक्त डिलीट सोर्सला टिक करा, नाहीतर जुनी डिस्क 'अनयूज्ड' म्हणून तशीच जागा अडवून बसते.

खरी गोम स्नॅपशॉटची, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवायची, काही बिघडलं तर तिथे परत जाता यावं म्हणून. क्यूकाऊ-टूचा निघतो, साध्या एलव्हीएमचा निघत नाही, आणि एक जरी डिस्क तसली असली की अख्ख्या व्हीएमचं स्नॅपशॉटचं बटणच बंद. रात्री साडेदहाला अपडेट टाकायला बसलो तेव्हा हे कळलं, पोटात गोळाच आला. पण बॅकअप चालू व्हीएमचा निघतो, डिस्क कुठल्याही स्टोरेजवर असू दे, तो पूर्ण होईपर्यंत थांबलो आणि मगच हात लावला. प्रॉक्समॉक्सच्या २०२५ च्या ९.० मध्ये एलव्हीएमवर स्नॅपशॉट आला पण तेव्हा प्रिव्ह्यू म्हणजे चाचणीपुरताच, हिशोबाच्या डेटावर मी तो लावणार नाही.

आयस्कझीला नेटवर्क वेगळंच ठेवा. आम्ही एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) ९००० बाइट केला, स्विचचं एक पोर्ट १५०० वरच राहिलं, साधा पिंग मस्त जातोय, लॉगिन होतंय, आणि मोठी कॉपी लावली की लटकतंय, दोन दिवस गेले त्यात. शेवटी तुकडे न करता ८९७२ बाइटचा (हेडर धरून ९०००) पिंग मारला तेव्हा सापडलं, आता कुठलीही केबल बदलली की आधी तोच पिंग मारतो.

आणि एलव्हीएम जोडताना 'शेअर्ड'ला टिक करायला विसरू नका, नाहीतर सगळ्या नोडना दिसणारी डिस्कसुद्धा प्रॉक्समॉक्स लोकल, म्हणजे एकाच नोडची, धरतो.