जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट: आपलेच पैसे, आपल्यालाच पगारासारखे

रेटिंग आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच निघू शकतील. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच अडकवून ठेवायची सोय) पाचपैकी तीन, पुण्यातला व्हिसा कन्सल्टंट पाचपैकी एक (तो एक पण ऑफिसातल्या चहासाठी), इथल्या, म्हणजे ब्रेमेनच्या, बँकेची शाखा चार, आणि माझं स्वतःचं प्लॅनिंग दीड. नावं मुद्दाम देत नाहीये, कारण चॅटवर उत्तर न देणारी कंपनी काही एकच नाही आणि कन्सल्टंट तर गल्लोगल्ली सारखेच.

माझं थोडक्यात, वय ३१, पिंपरी-चिंचवडमध्ये सात वर्षं गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये नोकरी, आता ब्रेमेनला. औंधच्या ब्रेमेन चौकातून कंपनीच्या बसनं रोज जायचे तेव्हा हे ब्रेमेन कुठंय हे सुद्धा माहीत नव्हतं, आणि आता इथे सहा नंबरच्या ट्रॅममध्ये बसून हे टाइप करतेय. धाकटा भाऊ माझ्याआधी मास्टर्सला माग्डेबुर्गला आला, म्हणजे आमच्या घरात दोन व्हिसे आणि दोन ब्लॉक्ड अकाउंट झाली, त्यामुळे तुलना करायचा थोडा हक्क आहे असं समजते.

आता व्हिसा. लोक आधी "कुठल्या बँकेत खातं उघडू" विचारतात आणि व्हिसाचं नंतर बघतात, ते उलटं आहे, कारण किती पैसे अडकवायचे, कुठल्या कारणाखाली पाठवायचे, त्यावर टॅक्स किती कापणार, इथली बँक तुमच्याकडे कुठल्या नजरेनं बघणार हे सगळं व्हिसा ठरवतो. कन्सल्टंटनं मला पहिल्या दहा मिनिटांत स्टुडंट व्हिसा सांगितला. म्हटलं अहो माझं शिक्षण झालंय, सात वर्षं नोकरी झालीय. तर म्हणे, "मॅडम, सेफ आहे, आमची युनिव्हर्सिटीही ठरलेली आहे." ठरलेली म्हणजे प्रायव्हेट, फी लाखांत, आणि त्यात त्यांचं कमिशन. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसतेच, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, पण हे ते आपणहून कधी सांगत नाहीत. माझ्या भावानं एपीएसचे (डिग्रीची कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचे) १८ हजार भरून, सगळं स्वतः करून सरकारी विद्यापीठात अ‍ॅडमिशन घेतली, एक रुपया एजंटला दिला नाही. त्याच्यासाठी स्टुडंट व्हिसा बरोबरच होता, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

माझ्यासाठी ब्लू कार्ड (डिग्रीवाल्यांचा नोकरीचा परवाना) सगळ्यात भारी, पण त्याला आधी नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट लागतं, आणि पुण्यात बसून मारलेल्या ऐंशी-नव्वद अर्जांना "लाइडर..." नं सुरू होणारी नकाराची मेलं आली. म्हणून तिसरा रस्ता, शान्सेनकार्टे, म्हणजे अपॉर्च्युनिटी कार्ड. जून २०२४ पासून सुरू झालंय. माझं विद्यापीठ अनाबिनच्या (परदेशी डिग्र्यांच्या जर्मन डेटाबेसच्या) यादीत होतं पण माझ्या कोर्सची नोंद नव्हती, म्हणून डिग्रीच्या थेट मान्यतेऐवजी पॉइंटवाली वाट. सहा पॉइंट लागतात. ३५ च्या आत वय म्हणून दोन, गेल्या सात वर्षांत पाच वर्षं अनुभव म्हणून तीन, जर्मन बी-वन म्हणून दोन, सात तर इथेच झाले (रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी डेर-डी-डास घोकलं ते वाया नाही गेलं). या कार्डावर जास्तीत जास्त एक वर्ष राहून नोकरी शोधायची, आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि कुठल्याही कंपनीत दोन आठवड्यांची ट्रायल करता येते. तोटा? नोकरी नाही लागली तर चंबूगबाळं उचला. फी ७५ युरो. कन्सल्टंटनं याच कामाचे ४५ हजार मागितले होते, काम काय तर ऑनलाइन फॉर्म भरणे, जो मी रविवारी दुपारी कांदेपोहे खाता खाता भरला.

आता ब्लॉक्ड अकाउंट, इथल्या भाषेत श्पेअरकोन्टो. नवख्यांना वाटतं हे जर्मनीतलं बँक खातं आहे. नाहीये! ही एक कुलूप लावलेली पेटी आहे. वर्षभराचा खर्च आधीच टाकायचा, कंपनी सर्टिफिकेट देते, ते व्हिसाला जोडायचं, आणि इथे आल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम तुमच्या खऱ्या खात्यात सोडतात. म्हणजे खरं खातं वेगळं उघडावंच लागतं. विद्यार्थ्याला महिना ९९२ प्रमाणे ११,९०४ युरो, आणि मी अर्ज केला तेव्हा शान्सेनकार्टेला महिना १,०९१ प्रमाणे १३,०९२ युरो. ही रक्कम नीट बघा, म्हणजे विनिमय दरात एक रुपया इकडेतिकडे झाला की १३ हजार रुपये गेले. लोक कंपनीची सुरुवातीची फी दहा-वीस युरोनं कुठे कमी ते शोधत बसतात आणि बँक दरात दीड रुपया खाते तिकडे लक्षच नाही. मी पण तेच केलं. इथेच दीड रेटिंग.

पप्पांची एफडी एका सहकारी बँकेत होती, तिथून परदेशी पैसे जात नव्हते, म्हणून ती मोडून दुसऱ्या बँकेत आणली, तिथल्या साहेबांना परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म कुठे असतो हे शोधायला अर्धा दिवस लागला. मग कारण काय लिहायचं? भावाच्या वेळी सोपं होतं, परदेशी शिक्षण, आणि पैसे एज्युकेशन लोनमधले म्हणून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो टॅक्स) शून्य. मी तर विद्यार्थी नाही. मग एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर जेवढे जातात त्यावर २० टक्के टीसीएस! माझे साधारण सव्वातेरा लाख झाले, म्हणजे वरच्या सव्वातीन लाखांवर ६५ हजार कापले गेले. हे पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात, बुडत नाहीत, पण ऐन निघायच्या वेळी ६५ हजार जास्तीचे उभे करायचे म्हणजे तोंडाला फेस. मर्यादा दर पॅनला वेगळी असते, थोडे पैसे पप्पांच्या नावानं, त्यांच्या पॅनवर पाठवले असते तर हे झालंच नसतं, पण हे मला कोणी सांगितलं तर विमानात शेजारी बसलेल्या काकांनी. तेव्हा सांगून काय उपयोग, काका.

आणि सतरा युरोंची गोष्ट. स्विफ्टनं पैसे जाताना मधली बँक आपलं कापून घेते, त्यामुळे तिकडे पोचले ते १३,०९२ ला १७ युरो कमी. कंपनीनं सर्टिफिकेट अडवलं. पैसे १३,०७५ पडलेत, व्हिसाची तारीख नऊ दिवसांवर, आणि चॅटवर एक रोबो मला विचारतोय की मी तुमची कशी मदत करू. ते १७ युरो पाठवायला बँकेनं कमिशन, स्विफ्ट चार्ज, वर जीएसटी असं सगळं मिळून जवळपास तेवढेच घेतले. फॉर्मवर चार्जेस कोण भरणार त्याचा एक चौकोन असतो, तिथे सगळे चार्ज पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडा आणि तरीही पन्नासेक युरो जास्तच टाका, ते नंतर आपल्यालाच मिळतात. सर्टिफिकेट मात्र नंतर दोन दिवसांत आलं आणि व्हिसाच्या वेळी त्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही, म्हणून तीन स्टार.

इथे आल्यावर खरी मजा. पेटीतले पैसे सुटायला खातं पाहिजे, खात्याला बहुतेक बँकांना आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद पाहिजे, आनमेल्डुंगला घरमालकाचं सहीचं पत्र पाहिजे, आणि घरमालकाला डिपॉझिट जर्मन खात्यातून पाहिजे. गोल गोल राणी. पहिला महिना मी फॉरेक्स कार्डावर आणि भावाकडून उसने घेऊन काढला, धाकट्या भावाकडून उसने मागताना काय वाटतं ते मोठ्या बहिणींनाच कळेल. ("ताई, परत कधी देतेस?" असं रोज विचारायचा, मुद्दाम.)

एका अ‍ॅपवाल्या बँकेचं ट्राय केलं, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करा, सरळ करा, नाक दाखवा, आणि शेवटी ती म्हणाली भारतीय पासपोर्ट व्हिडिओवर चालत नाही, पोस्टात जाऊन ओळख पटवा. पोस्ट म्हणजे काय तर वह्या-पेनं आणि बर्थडे कार्डांच्या दुकानातलं एक काउंटर. ते पण केलं, तर पुढे अर्ज "तपासणीत" तीन आठवडे. कंटाळून नॉयश्टाटमधल्या एका शाखेत सरळ चालत गेले. काउंटरवरच्या बाईंनी व्हिसा उलटून पालटून बघितला, म्हणाल्या, "गेट निष्ट." जमणार नाही, नोकरी नाही, व्हिसा एकच वर्षाचा. मी तयारी करून गेले होते. शांतपणे म्हटलं, मला बाजिसकोन्टो पाहिजे. बाई दोन सेकंद थांबल्या, मग सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडला आणि आतून छापील फॉर्म काढला. बस, एवढंच. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, फक्त चष्मा वर सरकवला आणि पेन दिलं.

तर हा शब्द पाठ करून ठेवा. बाजिसकोन्टो म्हणजे बेसिक खातं, २०१६ च्या जूनपासून जर्मनीत कायदा आहे की युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही ते मिळालं पाहिजे, नोकरी नसली, कायमचा पत्ता नसला तरी. अर्ज दिल्यावर बँकेनं दहा कामाच्या दिवसांत खातं द्यायचं किंवा लेखी नकार द्यायचा. ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, महिन्याची फी इतर खात्यांपेक्षा बऱ्याचदा जास्त असते, पण २२ अंकाक्षरांचा डी-ई नं सुरू होणारा आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक, मिळतो आणि तोच तर पाहिजे असतो. माझं आठव्या दिवशी झालं. शाखेला चार स्टार याचेच, एक स्टार त्या "गेट निष्ट"चा कापला.

मग कार्ड येईना. पिन वेगळ्या पाकिटात, कार्ड वेगळ्या पाकिटात असं दोन दिवस मागेपुढे येतं म्हणे, आमच्याकडे काहीच नाही. दोन आठवडे गेले. शाखेत जाऊन विचारलं तर पाकिटं परत आलीत, "प्राप्तकर्ता सापडला नाही". खाली सहा लेटरबॉक्स आहेत, आमच्या फ्लॅटच्या पेटीवर जुन्या भाडेकरूचं आडनाव, आणि इथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघतच नाही, फक्त आडनाव बघतो. आपल्याकडे पोस्टमनकाका "जोशींच्या वरच्या मजल्यावर" एवढ्यावर पत्र आणून देतात, इथे आडनाव चिकटवलं नाही तर तुम्ही अस्तित्वातच नाही. माझा टॅक्स नंबरही त्याच पेटीतून परत गेलेला! पांढरी पट्टी, काळा मार्कर, सेलोटेप, एवढ्यात काम झालं. विमानातून उतरल्यावर पहिलं काम हे करा, बँक-बिंक नंतर.

भारतातलं एक राहिलंच. इकडे राहायला आलं की तिकडचं साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं. माझं अजून व्हायचंय (हो, माहितीये). आणि भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, सगळे ओटीपी त्यावर येतात, माझं सिम आईच्या जुन्या फोनमध्ये आहे आणि रात्री अकराला तिला उठवून "आई, सहा आकडे वाच" असं चाललेलं असतं.

पेटीतला पहिला हप्ता आला तो उतरल्यानंतर सातव्या आठवड्यात, मागच्या महिन्याचा धरून एकदम दोन. १,०९१ मध्ये भागतं का? ब्रेमेनमध्ये शेअरिंगच्या खोलीत, घरी स्वयंपाक करून, भागतं, पण प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्स त्यातूनच जातो त्यामुळे हात आखडूनच. मी आठवड्याला २० तास एका वेअरहाऊसमध्ये काम करत होते म्हणून जमलं.

नोकरी पाचव्या महिन्यात लागली, टेस्टिंगमधलीच. इंजिनिअर टंचाईच्या यादीत येतात म्हणून ब्लू कार्डाची पगाराची अट आम्हाला थोडी कमी, २०२५ ला ४३,७५९.८० युरो होती, २०२६ ला ४५,९३४.२० झाली, माझा पगार त्याच्या जेमतेम वर आहे. डिग्रीच्या तुलनेचं सर्टिफिकेट लागतं, ते मी इथे आल्या आल्या अर्ज करून ठेवलं होतं, आयुष्यात एक गोष्ट वेळेवर केली. आता परदेशी लोकांच्या ऑफिसची तारीख यायची वाट बघतेय, ते कार्ड हातात पडेपर्यंत पूर्णवेळ काम नाही, आणि पेटीतले उरलेले पैसेही त्याच ऑफिसचं पत्र दाखवल्याशिवाय कंपनी सोडणार नाही. विचारलं तर चॅटवर परत तोच रोबो, मी तुमची कशी मदत करू. तोपर्यंत दर महिन्याला पप्पांच्या मोडलेल्या एफडीतले १,०९१ युरो खात्यात पडतात, बँकेचा मेसेज येतो, आणि आई फोनवर विचारते, "झाला का गं पगार?"