बेल सायफन की लूप सायफन? सोलापूरच्या पाण्यावर ठरवा

ॲक्वापोनिक्सची, म्हणजे माशांच्या पाण्यावर खडीत भाजी वाढवायची, टाकी बसते, पंप येतो, खडी धुऊन होते आणि मग काम सायफनपाशी अडतं. बेल लावायचा की लूप? काम दोघांचं एकच. खडीचा बेड पाण्याने काठोकाठ आला की ओढ घेऊन पाणी टाकीत सोडायचं, रिकामा झाला की हवा घेऊन सुटायचं. जुळे सोलापुरातल्या आमच्या परसात उभ्या चिरलेल्या निळ्या ड्रमचे दोन अर्धे शेजारी-शेजारी चालले, एकाला बेल, दुसऱ्याला लूप. पंप एकच, टी मारून दोन कॉक. टाकीत चिलापी, वर पालक, चुका, पुदिना. मोजमापाची वही मी ठेवलेली नाही, तेव्हा पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे असं समजून वाचा.

आधी लूपचं. बेडच्या तळाशी भोक, तिथून नळी बाहेर, वर वळसा घेऊन खाली टाकीत. मोठं सुख हे की सगळं बाहेर असतं, खडीत हात घालावा लागत नाही. नळी दोन इंच खाली-वर बांधली की बेडमधली पातळी बदलते. रोपं कोवळी असताना पातळी वर ठेवावी, मुळं उतरली की खाली घ्यावी. बेलमध्ये यासाठी आतला उभा पाइप, म्हणजे स्टँडपाइप, बदलावा लागतो. पारदर्शक नळीत पाणी कुठं अडलंय ते दिसतंही. मात्र तीच नळी उन्हात आतून शेवाळते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे गेला की मऊ पडून नेमकी वळणावर चेपते. कडक पीव्हीसी आणि एल्बो वापरले की हे दुखणं जातं. त्यामुळे यावरून मी लूपला नापास करणार नाही.

बेलचीही दुखणी आहेत. तीन पाइप एकात एक: मधे स्टँडपाइप, त्यावर पालथी घातलेली बेल, बाहेर खडी अडवायला गार्ड. बेलचा व्यास स्टँडपाइपच्या साधारण दुप्पट ठेवावा. वरची कॅप हवाबंदच हवी. टाचणीएवढं भोक राहिलं तरी सायफन धरत नाही. पुदिना गार्डजवळ लावलात तर त्याची मुळं फटीतून आत शिरतात. आणि हवा ओढून सायफन तोडणारी जी बारीक नळी बेलला बाहेरून लावतात, तिच्यात बोअरच्या पाण्याने पांढरी खपली धरते. ती बुजली की सायफन सुटायचं नाव घेत नाही, पंपाचं पाणी येईल तसं वाहत राहतं. अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची. दहा मिनिटांचं काम, पण करावं लागतं हे खरं.

मग माझा कौल कशावरून फिरला? टाकीतल्या पातळीवरून. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्यातलंही ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावरच माशांना घालायचं. बोअरचं क्षाराचं पाणी शक्यतो टाळायचं, त्याने पीएच चढत जातो. म्हणजे मधल्या दिवसांत उन्हाने आणि झाडांनी घटवलेलं पाणी तसंच घटलेलं राहतं. पातळी वीतभर उतरली की पंपाला वीतभर जास्त उचलावं लागतं. दीड-दोन मीटरच पाणी चढवणाऱ्या छोट्या पंपाला तेवढंही जाणवतं, धार बारीक होते. त्यात गंमत अशी, की सायफनला जोरदार धार हवी असते ती बेड भरलेला असताना, आणि बेड भरलेला असताना टाकी सगळ्यात रिकामी असते. म्हणजे ज्या घडीला जोर हवा, त्याच घडीला पंप सगळ्यात ढिला.

लूप इथं मार खातो. बारीक धार वळशावरून नुसती पाझरत राहते, नळी पूर्ण भरत नाही, ओढ लागत नाही. आणि आवाजही होत नाही! पाणी टाकीत पडतच असतं, त्यामुळे लांबून सगळं ठीक वाटतं. बेड मात्र तुडुंब, खडीतल्या मुळांना आणि जिवाणूंना हवा नाही. बेडमध्ये अडकलेल्या पाण्याने टाकी अजून उथळ, म्हणून अजून गरम. २०° सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३०° ला साडेसातच्या आसपास. चिलापी चिवट म्हणून निभावते, पण वर येऊन तोंडं उघडायला लागली की आपला जीव खालीवर होतो. नळी बारीक करून पाहा, कमी धारेवर धरते. पण मग टाकी भरलेल्या दिवशी येणारं पाणी ओढायला पुरत नाही. बाहेरच्या टोकाला छोटा बाक देऊन पाणी अडवलं तर फरक पडतो. माझ्याकडे पडला, पण भरवसा वाटावा इतका नाही.

बेलला याच दिवसांत एक रिड्युसर, म्हणजे एका बाजूने रुंद आणि दुसऱ्या बाजूने अरुंद जोड, पुरला. स्टँडपाइपच्या डोक्यावर रुंद तोंड वर करून नरसाळ्यासारखा बसवला की बारीक धारही आत एकदम कोसळते, हवा घेऊन जाते आणि सायफन धरतो. खाली एक एल्बो द्यायचा, त्याचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडू द्यायचं नाही. नळाला पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा बेलचा बेड भडभड रिकामा होताना ऐकू यायचा. लूपचा तेव्हा हमखास गप्प.

सायफनऐवजी टायमरने पंप चालू-बंद करणाऱ्यांशी माझा वाद नाही. वीज गेली तरी त्यांचा बेड तळाच्या भोकातून रिकामा होतो, सायफनचा असेल तिथं थांबतो. पण मेमध्ये पंप मिनिटभरही बंद ठेवायला माझं मन धजत नाही.

तुमची टाकी मोठी असेल, सावलीत असेल, साठवलेलं पाणी रोज थोडं घालायची सोय असेल, तर लूप खुशाल लावा. खर्चही कमी येतो. नसेल तर मला वाटतं बेलच. कोणताही लावलात तरी कॉक सेट करायचा तो टाकी सगळ्यात खाली असताना. बेड भरू द्या, सायफन धरतो का बघा. मग टाकी भरलेल्या दिवशी तोच कॉक न हलवता पाहा, सुटतो का. दोन्ही दिवशी जमलं की कॉकच्या दांडीवर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे घरात कुणी फिरवलाच तर परत जागेवर आणता येईल.