दूध पावडर की ट्रेहॅलोज?

फ्रीज-ड्रायिंगमध्ये, म्हणजे गोठवून वाळवताना, लॅक्टोबॅसिलस हा दह्यातला जिवाणू नुसत्या थंडीने मरत नाही. पाणी निघून गेलं की पेशीपटल विस्कटतं आणि पुन्हा ओलावा मिळताच गळू लागतं. म्हणून वाळवण्याआधी पेशींना सोबत काहीतरी संरक्षक द्यावंच लागतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी साय काढलेल्या दुधाची पावडरच सांगेन, पाण्यात १० टक्के. स्वस्त, पुण्यात कुठेही मिळते. केसीन या दुधातल्या प्रथिनाचं वेष्टण पेशींभोवती बसतं आणि वाळल्यावर वडी छान सच्छिद्र होते. फक्त ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जास्त वेळ ठेवू नका, दूध तपकिरी पडतं.

ट्रेहॅलोज महाग, पण त्याचं काम फार सुंदर आहे. पाण्याचे रेणू जिथून उठतात तिथे ही साखर पेशीपटलाशी हायड्रोजन बंध जोडते, आणि उरलेल्या जागेत काचेसारखी घट्ट होते. कोरडी असेल तर ही काच १०० अंश सेल्सिअसच्या वरच मऊ होते. ओलावा शिरला की मात्र हा आकडा झपाट्याने घसरतो. जुलैत पुण्याच्या दमट हवेत कुपी उघडी ठेवली, तर महागडी साखर वायाच. शिवाय ती क्षपणक शर्करा (reducing sugar) नाही; दुधातल्या लॅक्टोजसारखी साठवणीत प्रथिनांशी भिडत नाही.

दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी कॅप्सूल करायची असेल तर प्रश्नच मिटला, ट्रेहॅलोज. एरवी मी दोन्ही एकत्र घेते: दुधात ५ टक्के ट्रेहॅलोज. जिवाणू मात्र वाढ स्थिरावल्यावरच काढा. कोवळ्या, भराभर वाढणाऱ्या पेशींना यातलं काहीच फारसं वाचवत नाही.