खाजनातील पक्षी-कडी शिबिर : मुलांना पाठवण्यापूर्वी

परतीचा पाऊस ओसरू लागला की गोव्यातील खाजनांत, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींत, स्थलांतरित पक्षी उतरू लागतात. त्याच सुमारास तिसवाडीतील एक निसर्ग गट महाविद्यालयीन स्वयंसेवकांसाठी पक्ष्यांच्या पायात, ते पुन्हा सापडल्यास ओळखता यावेत म्हणून, क्रमांकित कडी घालण्याचे शिबिर भरवतो. यंदा आमच्या मंडळातील विद्यार्थ्यांबरोबर मी तेथे होतो; शुल्क भरण्याच्या विचारात असलेल्या पालकांसाठी हा अभिप्राय.

शिबिराची शिस्त मला सर्वाधिक आवडली. उजाडण्यापूर्वीच बांधालगतच्या झुडपांच्या आडोशाला पक्षी पकडण्याची बारीक धाग्यांची जाळी (मिस्ट नेट) उभी केली जातात आणि थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी ती पाहून येते. ऊन चढले, वारा सुटला किंवा पावसाचे चार थेंब पडले तरी ती बंद होतात, कारण अडकलेल्या पक्ष्याला भिजणेही बाधते आणि तापणेही. पक्षी सुती पिशवीतून टेबलापाशी येतो, त्याची जात पटवली जाते, योग्य मापाची क्रमांकित कडी खास पकडीने पायात बसवली जाते, आणि मग पंखाची लांबी व वजन घेऊन त्याला सोडून देतात. ब्लाइथ्स रीड वॉर्बलर हा पक्षी साधारण दहा-बारा ग्रॅमचा, पण पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडील विणीच्या प्रदेशातून हिवाळ्यासाठी भारतात येतो. मार्गदर्शकांनी त्याच्या गळ्याखालील पिसांवर हलकी फुंकर घालून कातडीखालची पिवळसर चरबी दाखवली, तेव्हा प्रवासाचे इंधन म्हणजे काय हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

मात्र गटाच्या पत्रकावर तळहातावर खंड्या घेतलेली मुलगी छापली आहे, ती दिशाभूल करणारी आहे. पक्षी हाताळण्याची मुभा केवळ प्रशिक्षितांना असते, आणि तेच योग्य; स्वयंसेवकांकडे पिशव्या आणणे, सांगितलेले आकडे मोठ्याने उच्चारून लिहिणे आणि सोडलेला पक्षी नीट उडाला की नाही ते पाहणे ही कामे येतात. हाताळण्याच्या आशेने आलेली दोन-तीन मुले नाश्त्यापर्यंतच कंटाळली. नाश्त्याची पेज आणि तोर (कैरी) मात्र उत्तम होती.

दुपारचे व्याख्यान थोडे लांबले. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांना क्रमांकित कड्या घातल्या आणि भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम १९२७ मध्ये सुरू केले, एवढे सांगून वक्ते थांबले असते तरी चालले असते. त्याच व्याख्यानात, कडी घातलेला लहान पक्षी पुन्हा सापडण्याची शक्यता फार कमी असते, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले; मुलांना खोटी आशा न दाखवणारे आयोजक मला विश्वासार्ह वाटतात.

एक गंभीर त्रुटी राहते. बोलणे सारे मराठी-कोकणीत, पण नोंदपत्रकातील रकाने केवळ इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा वेग उगाच मंदावतो. सोबत मराठी तक्ता दिला तरी अडचण सुटेल.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये वन्य पक्षी पकडण्यास शासकीय परवानगी लागते. अशा कोणत्याही शिबिरात नाव नोंदवताना ते पत्र पाहायला मागावे. येथे ते मागताच समोर ठेवले गेले.