पलंगाला बॉक्स की दारावर माळा?

सांगलीत नवं घर लावताना सुतार पहिल्याच दिवशी विचारतो, "पलंगाला बॉक्स काढायचा ना?" आणि आपण मान डोलावतो. मी दोन्ही वापरलंय, म्हणून होकार देण्याआधी थोडं ऐका.

बॉक्समध्ये सामान मावतं भरपूर. पाहुण्यांच्या गाद्या, गोधड्या, लग्नातली न वापरलेली पातेली सगळी आत जातात आणि खोली एकदम आवरलेली दिसते. धूळ फारशी शिरत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शिडी चढावी लागत नाही, हा तर मोठाच फायदा.

पण उघडताना? उश्या उचला, चादर काढा, गादी भिंतीशी उभी करा, मग फळी. कापसाची गादी एकट्याला आवरत नाही, मध्येच दुमडून अंगावर येते. हायड्रॉलिकच्या पलंगाला गॅसचे दांडे जोर देतात, हे खरं. पण वर कुणी झोपलेलं असेल तर त्या दांड्यांचा काय उपयोग? आमच्याकडे वडील दुपारी तिथेच पडायचे आणि नेमकं तेव्हाच आतलं काहीतरी हवं असायचं. मिरजेहून पहाटेची रेल्वे असली की बॅग आत आणि वर मुलं गाढ झोपेत. हळूहळू बॅग आत ठेवणंच सुटलं. ती दाराआड राहू लागली, मग तिच्यावर रेनकोट, इस्त्रीचे कपडे, बाजाराच्या पिशव्या. पसारा आवरायला केलेल्या बॉक्सपायी पसारा बाहेरच राहिला. माझं मत तिथे बदललं.

गावभाग, खणभाग अशा नदीजवळच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर आणखी एक गोष्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं होतं, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी वाढतंय म्हटल्यावर घाईघाईत जे वर चढवायचं, तेच बॉक्समध्ये सगळ्यात खाली असतं. पार्टिकल बोर्ड एकदा भिजला की फुगतो आणि स्क्रूची पकड सुटते. चांगला प्लाय त्यातल्या त्यात निभावतो.

माळ्यालाही खोड्या आहेतच. धूळ बसते, उन्हाळ्यात स्लॅबखाली तापतं, जड भांडी वर चढवू नयेत. घरात फक्त वयस्कर मंडळी असतील तर बॉक्सच बरा, असं मीही म्हणेन. पण घडवंचीवर चढलं, हँडल धरलं की बॅग हातात येते, कुणाला उठवावं लागत नाही. गौरीचे मुखवटे, मखर, आकाशकंदील, सगळं खालून दिसतं, म्हणून ऐनवेळी शोधाशोध होत नाही. सरकती दारं लावली तर धुळीचाही त्रास बराच कमी होतो.

बॉक्स हवाच असेल तर समोरून ओढायच्या खणांचा करा, मात्र पुढे खण पूर्ण उघडेल एवढी मोकळी जागा हवी. खोली लहान असेल तर मला विचाराल तर पलंगाखाली मोकळं सोडा, केरसुणी आतपर्यंत फिरते. आणि माळा दोन फुटांहून खोल करू देऊ नका, मागच्या भिंतीपर्यंत हात पोचला पाहिजे.